सुभेदारांच्या टाकीची गळती

"बाळाच्या झोपेला कसली म्हणून सवय लावू नका," दवाखान्यातल्या सिस्टरने तिला बजावून सांगितलं होतं. "झोका नको, गाणं नको, मांडी नको. आज कौतुक वाटतं. उद्या तीच वस्तू तुमच्या घराची मालकीण होऊन बसते."

तिने मान डोलावली खरी, पण तिचं लक्ष सिस्टरच्या बोलण्याकडे नव्हतंच. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं की आधीच फोडलेलं होतं, हे ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. मुलीच्या बाबतीत ती सगळ्याला घाबरायची. शर्टाच्या बटणांना, पडद्याच्या दोरीला, द्राक्षांना, पाहुण्यांच्या अंगठ्यांना. त्यातून कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलेलं, त्यामुळे तिची भीती चारचौघींसारखी मोघम नव्हती. कुठल्या भीतीला किती टक्के घाबरायचं, याचा तिच्यापाशी हिशेब असे. एवढ्या भीतींच्या गर्दीत सिस्टरचा तो एक इशारा तेवढा निसटून गेला. सवयीला काय घाबरायचं, असं तिला वाटलं.

त्या वेळी तिच्या अंगणात सुभेदार मुक्कामाला होते. सुभेदार म्हणजे माणूस नव्हे, ट्रक. लष्कराने सेवेतून काढलेला, सहा चाकांचा, शेवाळासारखा हिरवा. "एक जुनी गाडी बघून येतो," एवढंच सांगून तिचा नवरा लिलावाला गेला होता आणि येताना क्रेन घेऊनच आला. सुभेदारांसाठी फाटक बिजागऱ्यांसकट उतरवावं लागलं. ते आत आले ते थेट झोपायच्या खोलीच्या खिडकीला नाक लावूनच थांबले. तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागे.

नवरा एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा. सहा दिवस कागदावर यंत्र काढणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी खरं यंत्र हाताशी लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. या सातव्या दिवसांचे मिळून चौदा महिने झाले. त्याने रंग खरवडला, तर हिरव्याच्या खाली दुसरा हिरवा निघाला आणि त्याच्याखाली तिसरा. यातला खरा हिरवा कुठला, या विचारात त्याने दोन महिने काढले. डब्यांच्या सात झाकणांवर सात हिरवे लावून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत असे. लोक म्हणत, सगळे सारखेच आहेत. मग तो त्यांना चहा न देता वाटेला लावत असे.

डाव्या चाकांचे नट सोडवण्यात तीन रविवार गेले. पान्याला लांब पाइप अडकवून तो त्याला अक्षरशः लोंबकळायचा, तरी नट तसूभर हलेना. शेवटी लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या मेकॅनिकना बोलावलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी हात मागे बांधून पाच मिनिटं हा व्यायाम पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. तीन रविवार तुम्ही ते घट्ट करताय."

हे सगळं तिने गोडीने चालवून घेतलं असतं. पण चिमणी रांगायला लागली आणि एके दिवशी तिच्या तोंडातून वॉशर निघाला. चिमणी म्हणजे त्यांची लेक, दहा महिन्यांची. त्या संध्याकाळी तिने निकाल दिला, की चिमणी पहिलं पाऊल टाकायच्या आत सुभेदारांनी दुसरीकडे बदली करून घ्यावी. सासूबाईंनी तिची बाजू घेतली. घेतली म्हणजे काय, दोन पावलं पुढेच गेल्या. हे धूड भंगारात द्या असं मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, असं त्या त्या दिवशी तीनदा म्हणाल्या. दोन बायका एका बाजूला म्हटल्यावर नवऱ्याने हात टेकले. इंजिन चालू झालं की जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका शौकिनाला ती द्यायची, असं ठरलं. त्या गृहस्थांनी येण्याचा रविवारही कळवून टाकला.

आणि इंजिन चालू झालं.

त्या दिवशी चिमणी दातांनी हैराण होऊन सकाळपासून रडत होती. तिला खांद्यावर घेऊन घरात येरझाऱ्या घालता घालता आईचे पाय भरून आले होते. बाहेर सुभेदार दोनदा खोकले, तिसऱ्यांदा घसा साफ केल्यासारखे गुरगुरले आणि मग त्यांनी असा काही संथ, जाड, पोटातला सूर लावला की खिडकीच्या काचा थरथरल्या, फळीवरच्या वाट्या एकमेकींशी किणकिणायला लागल्या आणि चिमणीची कठड्याची खाट जागच्या जागी बारीक हलू लागली. चिमणी रडता रडता थांबली. तिने एक मोठा उसासा टाकला, आईच्या खांद्यावर लाळेचा एक शिक्का मारला आणि झोपली. अडीच तास.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे तिला शिकवलेलं होतं. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी दुसरं निरीक्षण घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तिसरं. मग शंका उरली नाही. चिमणीला थापटणं पुरत नव्हतं, गुणगुणणं पुरत नव्हतं, तिला सुभेदार लागत होते. फोनवर आवाज भरून ऐकवून पाहिला. खोटी नोट दिल्यावर दुकानदार पाहतो तशा नजरेने चिमणीने फोनकडे पाहिलं आणि ती दुप्पट आवाजात रडली. तिला काचांची थरथर हवी होती, खाटेची हालचाल हवी होती.

आता प्रश्न गाडी चालू कशी करायची हा, तर तिला किल्लीच नव्हती. लष्करी गाड्यांना ती नसतेच. ऐन वेळी किल्ली कोणाच्या खिशात आहे हे शोधत बसायला तिथे सवड नसते, असं उस्तादांनी सांगितलं होतं. बॅटरीचा खटका वर करायचा आणि बटण दाबायचं. शिवाय समोरच पितळी पाटीवर सूचना ओळीने कोरलेल्या होत्या, आणि ती सूचना वाचणारी बाई होती. औषधाच्या बाटलीतला घडीचा कागदही ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे. चाकांखालचे ओंडके दोनदा तपासायचे, गिअर मोकळा आहे याची तीनदा खात्री करायची. धुराचं नळकांडं केबिनमागे उभं होतं, त्याच्या शेजारी वाऱ्याची दिशा कळायला ती चिमणीच्या टोपीची रिबीन बांधायची आणि काम झालं की सोडून घ्यायची. वारा घराकडे असला तर सुभेदारांना सुट्टी. सीट पुढच्या शेवटच्या खाचेपर्यंत ओढली की तिचे पाय कसेबसे पोहोचायचे, आणि समोरच्या काचेतून, बंद खिडकीतून थेट खाट दिसायची. खिडकी अडवून उभं राहण्याचा एवढा एक उपयोग सुभेदारांनी करून ठेवला होता.

ती सकाळी वाचनालयात कामाला जायची आणि एकला परत यायची. तोवर चिमणी सासूबाईंकडे असे. ती आली की सासूबाई आपल्या शिवणाच्या क्लासला जात. तेव्हा दुपारी घरात ती, चिमणी आणि सुभेदार. पाऊण तास चालवलं की काम फत्ते. नवरा संध्याकाळी घरी येई तेव्हा सगळं थंड असे. सांगून टाकावं, असं तिच्या मनात रोज येई. पण निकाल तिनेच दिला होता, तोही चारचौघांत. आणि दुसरी एक अडचण होती. सकाळी चिमणी कशी झोपली म्हणून तिने सासूबाईंना सहज विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मला काही करावं लागत नाही बाई. दोनदा थापटलं की गप झोपते. हातात असावं लागतं ते."

हे ऐकून गप्प कोण बसेल. तीही नवऱ्यादेखत म्हणाली, "माझ्याकडेसुद्धा. दोनदाही नाही, एकदाच."

इकडे नवऱ्याला वेगळाच घोर लागला. रिकाम्या टाकीला आतून गंज धरतो म्हणून त्याने सुभेदारांची टाकी डिझेलने काठोकाठ भरली होती. दुसऱ्या आठवड्यात त्याने सहज पट्टी घालून पाहिली, तर चार बोटं कमी. गळती असणार, म्हणून त्याने गाडीखाली पुठ्ठे पसरले. पुठ्ठ्यांवर एक थेंब पडला नाही. चोरी असणार, म्हणून त्याने टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. कुलूप जसंच्या तसं आणि डिझेल आणखी तीन बोटं खाली. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. "बंद टाकीतून जातं कुठे ते?" तो विचारायचा. ती त्याला आमटी वाढायची.

एकदा तो कारखान्यातून लवकर आला आणि सवयीने बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम.

"ऊन किती आहे बघ ना," ती म्हणाली.

त्याने आभाळाकडे पाहिलं. सकाळपासून ढग होते. पण बायकोवर अविश्वास दाखवण्यापेक्षा निसर्गावर दाखवणं त्याला सोपं गेलं असावं. "हल्ली ढगातूनही लागतं," तो म्हणाला.

शेवटी त्याने रजा काढून टाकीच खाली उतरवली. उरलेलं डिझेल कॅनमध्ये काढलं, टाकीची तोंडं बंद करून तिच्यात हवा भरली आणि साबणाच्या पाण्याने इंच न् इंच तपासली. एक बुडबुडा निघाला नाही. या कामात दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत चिमणीचा डोळ्याला डोळा लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, दात येताहेत. ती म्हणाली, हो, दातच असणार. दोघींच्या डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळं आली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने टाकीला आतून रंग देण्याची गोष्ट काढली, तेव्हा या धुडाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सासूबाईच त्याच्यावर तुटून पडल्या, की हाती घेतलेलं काम असं उघडं टाकू नये, टाकी आजच्या आज बसव. तिलाही हेच म्हणायचं होतं. सासूबाईंना एवढा पुळका कशाचा, हे तिला तेव्हा सुचायला हवं होतं. पण दोन रात्रींच्या जागरणाने तिचं संख्याशास्त्र झोपलं होतं.

टाकी बसली, आणि डिझेल पुन्हा कमी व्हायला लागलं. नवऱ्याने उस्तादांना बोलावलं.

उस्तादांनी टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते केबिनमध्ये चढायला गेले, तर त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. त्यांनी सीटची खाच पाहिली, मग नवऱ्याची उंची पाहिली. मग त्यांनी स्टिअरिंगसमोरच्या फळीखाली हात घालून एक छोटं मीटर पुसलं. इंजिन किती तास चाललं ते मोजणारं मीटर. इंजिन जोडलं त्या दिवशी त्यांनी लष्करी शिरस्त्याप्रमाणे त्यातला आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला होता. दोन्ही आकडे त्यांनी वजा केले.

"अठ्ठावन्न तास," ते म्हणाले. "तुम्ही किती चालवलीत?"

"फार तर आठ."

"मग पन्नास तास दुसरं कुणीतरी चालवतंय. जागच्या जागी. आणि तो माणूस बुटका आहे."

नवरा सुन्न होऊन पायरीवर बसला. दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीतल्या प्रत्येक बुटक्या माणसाकडे रोखून पाहायला लागला. इस्त्रीवाल्याने तर कपडे फाटकातूनच द्यायला सुरुवात केली.

आणि ती? पन्नास हा आकडा ऐकला मात्र, आणि तिचं संख्याशास्त्र खडबडून जागं झालं. सुट्टीचे दिवस सोडले तर बत्तीस दुपारी. दर दुपारी पाऊण तास. बत्तीस गुणिले पाऊण, चोवीस. पन्नासातून चोवीस गेले, राहिले सव्वीस. तिने हिशेब उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. सव्वीस तास तिचे नव्हते. म्हणजे सकाळी, ती वाचनालयात असताना, घरात चिमणी आणि एकटी म्हातारी असताना, कुणीतरी परका माणूस तिच्या खिडकीसमोर येऊन बसत होता. नवऱ्याला सांगायचं तर आधी आपले चोवीस तास कबूल करायला हवेत. तिने ठरवलं, उद्या एक दिवस स्वतः पाहायचं. परका माणूस दिसला तर लाज गेली चुलीत, सगळं सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात न जाता समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिली. उभं राहायला कारण हवं म्हणून तिने पर्समधला चिमणीच्या लसींचा तक्ता काढला आणि त्याच्या प्रती काढायला सांगितल्या. अकरावी प्रत निघत असताना घराचं दार उघडलं.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. तोंडात बोट घालून ओलं केलं आणि हवेत धरून वारा पाहिला. मग चष्मा कपाळावर सरकवून एका हाताने दांडी पकडली आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईने केबिनमध्ये चढल्या. सुभेदारांनी घसा साफ केला.

अकरा प्रती छातीशी धरून ती रस्ता ओलांडून आली आणि पायरीशी उभी राहिली.

"आई."

सासूबाईंनी खाली पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा परीक्षेत वही पकडली गेलेल्या मुलीसारखा झाला. मग त्यांनी तो सावरला. "आज लवकर सुटलीस वाटतं."

"दोनदा थापटलं की झोपते म्हणालात."

"थापटतेच. आधी दोनदा थापटते." त्यांनी खिडकीतून खाटेकडे नजर टाकली. "मग हे."

ती पायरीवर मटकन बसली. तिला हसू फुटलं, आणि चिमणी जागी होईल म्हणून तिने लसींचे अकराही तक्ते तोंडात कोंबल्यासारखे धरले. सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्याही काही कमी नव्हत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "सीट रोज आपोआप पुढे असायची. मला वाटायचं नशीब. तुझी होय ती?"

"चोवीस तास माझे."

"म्हणजे तो बुटका चोर अर्धा तू."

"आणि अर्ध्या तुम्ही."

हसणं ओसरल्यावर दोघींना एकदमच आठवलं. तो शौकीन येण्याचा रविवार तीन दिवसांवर आला होता. सुभेदार गेले तर चिमणीच्या झोपेचं काय? आणि राहायला हवेत असं आता कोणत्या तोंडाने सांगायचं? बराच खल होऊन ठरलं, की सांगायचं काहीच नाही. गाडीचे दोष मात्र दाखवायचे, असे की घेणाऱ्याने आल्या पावली परत जावं.

रविवारी ते गृहस्थ आले. गळ्यात भिंग, हातात मऊ फडकं. उस्तादही आले होते. पहिला वार सासूबाईंनी केला. दार एका झटक्यात लागत नाही, दोनदा आपटावं लागतं, असं त्यांनी दुःखी आवाजात सांगितलं. गृहस्थांनी दार आपटून पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "मूळचं दार आहे," ते म्हणाले. "दुसरीकडे बदलून टाकतात." तिने मागच्या फळीतली भोकं दाखवली. ती लष्कराची जुनी दुरुस्ती निघाली आणि त्यांनी भिंगातून त्या भोकांचे चार फोटो घेतले. सासूबाई म्हणाल्या, पावसात आत गळतं. गृहस्थ म्हणाले, या बनावटीच्या न गळणाऱ्या गाडीवर मी विश्वासच ठेवत नाही. दोघी जेवढ्या नावं ठेवत गेल्या तेवढा तो माणूस गाडीच्या प्रेमात पडत गेला, आणि चिमणी नवऱ्याच्या कडेवर जेवढं रडता येईल तेवढं रडत होती.

"एकदा आवाज ऐकू," गृहस्थ म्हणाले.

उस्तादांनी बटण दाबलं. सुभेदार खोकले, गुरगुरले आणि सुरात आले. चिमणीचं रडणं एका ओळीच्या मध्येच तुटलं. तिने उसासा टाकला, बापाच्या खांद्यावर गाल टेकवला आणि झोपली.

नवऱ्याने चिमणीकडे पाहिलं. मग त्याची नजर केबिनमधल्या सीटवर गेली, तिथून आईच्या उंचीवर आणि तिथून बायकोच्या. कागदावर रेघा जुळवणाऱ्या माणसाला या तीन रेघा जुळवायला कितीसा वेळ लागणार. ती जमिनीकडे बघत होती. सासूबाई चष्मा पुसत होत्या. उस्तादांना आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं.

"माफ करा," नवरा गृहस्थांना म्हणाला. "ही गाडी देता येणार नाही. हिला गळती आहे."

"कसली?"

"डिझेलची. टाकी उतरवून पाहिली, सापडली नाही. सापडेपर्यंत दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला पटत नाही."

"मी शोधून काढीन हो."

"तुम्हाला नाही सापडणार. ती फक्त याच अंगणात होते."

गृहस्थांनी आशेने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी इंजिन चालूच ठेवून मान हलवली. "खरं आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलीय. जुनाट दुखणं आहे."

गृहस्थ तीनदा मागे वळून बघत गेले. फाटक लागल्यावर नवरा झोपलेल्या चिमणीला सांभाळत दोघींजवळ आला आणि कुजबुजला, "एकदाच थापटलं की झोपते म्हणे." एवढंच. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि त्याचा हाच चांगुलपणा दोघींना जास्त लागला.

कारण गळती आहे असं एकदा जाहीर झाल्यावर ती शोधायला तर हवी. तेव्हापासून नवरा दर रविवारी दुपारी उशी, टॉर्च आणि पान्यांची पेटी घेऊन सुभेदारांखाली शिरतो. इंजिन बंद आणि चाकांखाली चार ओंडके, अशी तिची अट आहे, आणि ते ओंडके ती स्वतः ठोकते. कोणी त्याला बाजारात पाठवत नाही, माळा आवरायला सांगत नाही. गळती शोधणाऱ्या माणसाला मध्येच उठवायचं कोणत्या तोंडाने?

आजही तो तिथेच आहे. पण गेला दीड तास त्याचे पाय हललेले नाहीत, आणि तिचा जीव टांगणीला लागलाय. हाक मारावी तर इंजिनाशिवाय रडून रडून थकलेली चिमणी आत्ताच झोपलीय. उठून बघावं तर चिमणीने तिचं बोट मुठीत धरून ठेवलंय. सासूबाई बाहेर गेल्यात. तेव्हा तुम्ही त्या बाजूने जाणार असाल तर एवढं करा. फाटक वाजवू नका. हिरव्या गाडीखाली बुटांचे दोन तळवे दिसतील, त्यातला एक हळूच हलवून बघा. घोरण्याचा आवाज आला तर तसंच राहू द्या. नाही आला, तर खिडकीच्या काचेवर बोटाने एकच टिचकी मारा. ती जागीच आहे.